ब्रेकवर कुणी नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅक्सल आहे. नाव ऐकून तुमचे चेहरे कोरे झाले असतील, पण मला त्याची सवय आहे. गाडीचं स्टिअरिंग सगळ्यांना माहीत असतं, हॉर्न तर नको तितका माहीत असतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेतो कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. ते काम माझं. पुढच्या डाव्या चाकाला फिरवणारा पोलादी दांडा म्हणजे मी. सध्या एका घराच्या गॅरेजमध्ये, भिंतीला टेकून, गंज खात पडलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी भट्टीत भाजून काढलं, मग यंत्राखाली घालून असं बदडलं की विचारू नका. दोन्ही टोकांना वळणारे सांधे बसवले, त्यांत ग्रीस भरलं आणि वरून रबराची टोपी चढवली, म्हणजे धूळ आत जायला नको. मग एका निळ्या गाडीच्या पोटाखाली माझी रवानगी झाली. तिथून जगातलं काय दिसणार? खड्डे, चिखल आणि माणसांच्या चपला. तरी मी खूश होतो. गाडी वळली की मी वळायचो, तिने चढ घेतला की जोर माझाच लागायचा.

गाडीच्या मालकांचं चष्म्यांचं दुकान. चष्म्याच्या काड्यांचे तिळाएवढे स्क्रू घट्ट करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकानातून घरी आले की त्याच हातांनी गाडीची दुरुस्ती. गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. काढलेला प्रत्येक भाग ते जमिनीवर कागद पसरून ओळीने मांडायचे आणि उलट्या क्रमाने परत बसवायचे.

या कामात त्यांची एक जोडीदारीण होती, ती म्हणजे त्यांची बायको. चाकाच्या मधोमध मला धरून ठेवणारा मोठा नट असतो. तो फिरवताना चाकही फिरायला बघतं, म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून ठेवावा लागतो. ते काम मालकीणबाईंचं. मांडीवर मटारचं ताट घेऊन त्या ड्रायव्हरच्या जागी बसायच्या. मालक खालून म्हणायचे, “दाब गं,” की त्या दोन्ही पायांनी ब्रेक दाबायच्या आणि वर मटार सोलत राहायच्या. मालकांनी “सोड” म्हटलं की पाय काढायच्या. गाडी माझ्या पायांवर चालते, तुमचं नुसतं नाव, असं त्या नवऱ्याला चिडवायच्या. मालक खाली पडल्या पडल्या हसायचे. मला ते हसू फार आवडायचं.

गेल्या थंडीत मालकीणबाई आजारी पडल्या आणि बघता बघता गेल्या.

मग घर गप्प झालं. लेक आपल्या छोटीला घेऊन वडिलांजवळ राहायला आली. दोघंही एकमेकांना इतकं जपायची की आईचं नाव कुणी काढायचं नाही. बाबांना त्रास होईल म्हणून लेक गप्प आणि लेकीला रडू येईल म्हणून बाबा गप्प. आईचा कप फळीवर मागे सरकवला, तिची शाल कपाटात गेली. जपण्याची ही कसली तऱ्हा, मला तर काही कळायचं नाही.

पुढे लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. छोटीला शाळेत ने-आण करायला वाहन हवं, म्हणून मालकांनी तिला गाडी द्यायचं ठरवलं. पण नेमकं तेव्हाच माझं दुखणं बळावलं होतं. रबराची टोपी फाटून ग्रीस सांडलं, सांध्यात माती शिरली आणि प्रत्येक वळणावर मी टकटक वाजायला लागलो. लेक म्हणाली, बाबा, मेकॅनिककडे टाकू. मालक म्हणाले, तुझी आणि छोटीची गाडी मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही. त्या दोघींना धड पोचवणारी गाडी आपल्या हाताने तयार करायची, एवढी एकच गोष्ट त्यांना आता करावीशी वाटत होती. म्हणून लेकीनेही ताणून धरलं नाही.

त्या दिवशी ते सकाळीच कामाला लागले. आपण एकटे आहोत हे तेव्हा त्यांच्या चांगलं लक्षात होतं. त्यांनी एक लाकडी दांडकं सीट आणि ब्रेकच्या मध्ये अडकवलं आणि नट सैल केला. मग दांडकं काढून ठेवलं, गाडी उचलून नीट टेकू दिला, चाक काढलं. मला पहारीने उचकटून बाहेर काढलं आणि कागदावर झोपवलं. इतकी वर्षं राबलो, आणि निरोप म्हणजे तेलाचे चार थेंब. नवा अ‍ॅक्सल प्लास्टिकच्या वेष्टनातून निघाला, तुकतुकीत. मला त्याचा राग आला, का येऊ नये?

नव्याबरोबर एक छोटी लोखंडी पिन आली होती. नट घट्ट केल्यावर ती आरपार घालून वाकवायची, म्हणजे नट स्वतःहून फिरत नाही. हरवू नये म्हणून मालकांनी ती माझ्याजवळ ठेवली.

मालक कामात बुडून गेले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून शीळ ऐकली. नवा अ‍ॅक्सल बसला, नट हाताने फिरवून लावला, चाक चढलं, गाडी खाली आली. आता फक्त नट जोर लावून घट्ट करायचा आणि पिन घालायची. मालकांनी लांब पाना नटावर चढवला, दोन्ही हात टेकवले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले,

“दाब गं.”

कुणी दाबला नाही.

ते तसेच वाकून राहिले. मग हळूच त्यांनी गाडीच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मित्रांनो, त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. ते उलट्या बादलीवर बसले. बराच वेळ बसले. पाना फडक्यात गुंडाळला, नटावर चाकाची झाकणी ठोकली आणि हात धुवायला आत गेले. काम अर्धं राहिलं हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजकडे उघडते. लेक तिथे भांडी घासत होती. तिने हाक ऐकली होती. ती दारापर्यंत आलीही होती, ओले हात तसेच घेऊन. आपण बाहेर गेलो तर बाबांना ओशाळं वाटेल, असं तिच्या मनात आलं असावं. तिने डोळे पुसले आणि मागे फिरून नळ मोठा सोडला. बाबा आत आल्यावर पाठमोरी राहूनच तिने विचारलं, झालं का. ते म्हणाले, झालं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या. छोटीने मागच्या काचेतून आजोबांना हात केला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण लोखंडाचा आवाज कोण ऐकणार? मालक गॅरेज झाडायला आले, कागद उचलला आणि ती पिन खाली पडली. क्षणभर त्यांना कळलंच नाही. मग झाडू तिथेच टाकून ते फोनकडे धावले. लेकीने फोन उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ते तसेच अनवाणी रस्त्यावर धावत गेले. एवढ्या लांब गेलेली गाडी पायी कशी सापडणार?

संध्याकाळी एका मेकॅनिकने गाडी ओढून आणली. उतारावर पुढचं चाक निखळलं होतं आणि गाडी कठड्यावर आदळली होती. नट सैल आणि पिनच नाही, हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. मालकांनी खाली मान घातली. लेकीला मुका मार लागला होता. छोटीचा हात कोपरातून मोडला होता. तो पुढे जुळला, पण अजून सरळ होत नाही. सहा वर्षांचं पोर, केस विंचरायचे तरी दुसऱ्या हाताने.

काही दिवसांनी बापलेक गॅरेजमध्ये आली. मालक म्हणाले, माझ्या हातांनी हे केलं.

लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला हाक मारलीत ती मी ऐकली होती. मी दारापर्यंत येऊन परत गेले.”

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. “आली असतीस तर बरं झालं असतं गं.”

दोघंही रडली. एकमेकांसमोर पहिल्यांदाच रडली. पण छोटीचा हात त्याने सरळ होणार नव्हता.

मालकांनी हत्यारं देऊन टाकली. उद्या भंगारवाला येईल आणि मला वितळवायला नेईल. त्याचं मला दुःख नाही. जाण्याआधी एवढंच सांगतो. गाडीची काळजी घ्या, काम अर्धं टाकू नका, हे तर खरंच. पण घरातलं कुणी चुकून नसलेल्या माणसाला हाक मारताना ऐकलंत, तर ऐकलं नाही असं दाखवू नका. बाहेर जा, ब्रेकवर पाय ठेवा, ओ द्या. त्या दिवशी ती हाक ऐकणारी लेक आणि मी, आम्ही दोघंच होतो. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.