बाजाराच्या दिवशी चिनी परीक्षा

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर मी कधी बंद करत नाही. घरी जाताना फक्त स्क्रीनचं बटण दाबतो. लोक हसतात, हसू देत. मराठी टायपिंगचा माझा प्रोग्रॅम अठरा वर्षांपूर्वीचा. तो विकणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला त्यालाही जमाना झाला. मशीनच्या मागे एक बोटभर काडी खोचलेली असते, तिला डोंगल म्हणतात. प्रोग्रॅमला ती सापडली तरच तो उघडतो. एकदा लाइट जाऊन मशीन बंद पडलं, तेव्हा प्रोग्रॅमला ती तीन दिवस सापडली नव्हती. मोताळ्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका आणि तहसीलचे सगळे अर्ज माझ्याकडं त्याच प्रोग्रॅमच्या फॉन्टमध्ये. त्या तीन दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. मग इन्व्हर्टर घेतला आणि तो प्रोग्रॅम बंद करायचं नावच टाकलं.

माझी पुतणी अपेक्षा एका बाजाराच्या दिवशी परीक्षेला माझ्याकडं बसली. माझे थोरले भाऊ हिंमतराव वांगी-भेंडी लावतात, त्यांची ही मुलगी. पुण्यात दोन वर्षं राहून चिनी शिकली. मशीनच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करणाऱ्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. अकरा ते पावणेबारा, तीन उतारे, थेट टाइप करायचे, बाहेरून उचलून चिकटवायला बंदी. हुकली की वर्षभर अर्ज करता येत नाही. पोरगी शेगावला मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बसणार होती. मीच आडवा आलो. घरचं दुकान असताना परक्याच्या दारी कशाला, माझ्याकडं लाइट जात नाही, नेट जात नाही, असं भावाला फोनवर ऐकवलं. मोठेपणा करायची मला खोडच आहे.

ती साडेदहालाच आली, पण मशीनवर झुंबरबाईंचा तहसीलचा अर्ज चालू होता. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक सोडवत नाही. मशीन तिला दिलं अकराला दहा कमी असताना. तिनं मशीनमध्ये चिनी टायपिंगचा कळफलक घातला, कॅमेरा तपासला, तोवर अकरा वाजले. झुंबरबाई बाकावर पिशवी घेऊन बसूनच राहिल्या.

"काका, चिनी उमटूनच नाही राह्यलं."

मी मागं जाऊन उभा राहिलो. खाली कोपऱ्यात भाषेच्या जागी चिनी अक्षर दिसत होतं, म्हणजे कळफलक बरोबर होता. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा, खाली चिनी अक्षरांची पट्टी येते, त्यातून निवडायचं, अशी त्यांची रीत. पट्टी डोळा लवतो तेवढी यायची आणि गडप. तिच्या जागी भलत्याच खुणा पडायच्या. वर घड्याळ उलटं धावत होतं. एक्केचाळीस मिनिटं.

तिनं कळफलक काढला, पुन्हा घातला. तेच. मग नोटपॅड उघडून त्यात टाइप केलं. "याच्यातबी तसंच हाये. म्हंजे परीक्षेच्या पानाचा दोष नाही. मशीनमधीच काहीतरी मधात येऊन राह्यलं." आवाज स्थिर होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी नोटपॅडकडं पाहिलं. टिंबं, चौकोन, शेपटीवाली इंग्रजी अक्षरं. हा कचरा मी जन्मभर पाहत आलोय. माझ्या फॉन्टमधला अर्ज दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की असाच दिसतो. माझा प्रोग्रॅम मागं बसून तिची प्रत्येक कळ आधी स्वतः गिळत होता.

"काका, मांगं एखादा जुना प्रोग्रॅम चालू हाये का?"

"नाही," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. घड्याळात अडतीस मिनिटं होती. मी विचार केला, प्रोग्रॅम बंद केला आणि तो पुन्हा उघडलाच नाही तर? त्यापेक्षा आधी दुसरं करून पाहू. प्रोग्रॅमला इंग्रजीवर टाकायचं बटण असतं, ती मोबाइल काढायला वाकली तेवढ्यात मी ते दाबलं. कचरा गेला, साधी इंग्रजी अक्षरं आली, पण पट्टी काही टिकेना. मी नेटची वायर हलवली. नेटचा काही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी हलवली.

"तुळशीराम भाऊ, माह्या अर्जाचं कसं? सायब उठून जाईन न!"

"तुमचा सायब कुठं पळून नाही चालला!" मी झुंबरबाईंवरच खेकसलो.

अपेक्षानं मोबाइलवर उपाय शोधला, केला, दुसरा शोधला. मग तिचे हात कळांवरून उठले आणि मांडीवर पडले. "दोन वर्सं गेले माहे," ती हळूच म्हणाली. बत्तीस मिनिटं उरली होती.

मला माझीच शरम वाटली. तिच्या खांद्यावरून हात घालून मी माउस घेतला, कोपऱ्यातल्या माझ्या प्रोग्रॅमच्या लाल खुणेवर गेलो आणि तो बंद केला. "आता कर."

पट्टी आली आणि थांबली. अपेक्षानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ती उताऱ्यावर तुटून पडली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, बाहेरच्या भाजीवाल्याला ओरडू नको म्हणून हात जोडले. पहिला उतारा झाला. दुसरा झाला तेव्हा नऊ मिनिटं होती. तिसरा निम्म्यावर आला आणि घड्याळ शून्यावर गेलं. पान आपोआप बंद झालं.

तिनं कळफलक पुढं ढकलला. "पाच-सहा मिनिटं पाह्यजे होते फक्त." मग खुर्ची वळवून म्हणाली, "काका, म्या इचारलं तवा तुमाले माहीत होतं?"

खोटं बोलायला माझ्याकडं उत्तर तयार होतं. "हाव," मी म्हणालो. "मले भेव वाटलं. तो पुन्हा नाही उघडला तर..."

तिनं मान हलवली, ओढणी आवरली आणि दाराकडं गेली.

"माहा अर्ज?" झुंबरबाई म्हणाल्या. मी खुर्चीत बसलो. प्रोग्रॅमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. पहिल्या फटक्यात उघडला, सुरुवातीच्या त्या छोट्या सुरावटीसकट.

अपेक्षा दाराशी चप्पल घालत होती. सूर ऐकून तिनं वळून पाहिलं.

"उघडलं का?"

"हाव."

"बरं झालं बापा," ती म्हणाली.

टोमणा असता तर मी सहन केला असता. पोरगी मनापासून म्हणाली.