चाळीस अंशांवरची गाठ

रेणुकाने माझ्या काखेतलं थर्मामीटर काढलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि तिथंच उभी राहिली.

"किती आहे?" मी विचारलं.

"एकशे तीन."

"मग अशी उभी का?"

"तुम्ही गप पडून राहा हो," ती म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

लातूरला आमच्या भागात नळाचं पाणी आठवड्याने येतं. मागच्या अंगणात भरून ठेवलेल्या टाक्यांपैकी एकीचं झाकण नीट बसत नाही. तिथले डास चावले असणार, मला चिकनगुनिया झाला. गेली कित्येक वर्षं याच विषाणूवर काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याला तो व्हावा, याची आमच्या डॉक्टरांनाही गंमत वाटली. "मॅडमनी नमुना घरातच आणून ठेवला की," ते म्हणाले.

रेणुका नांदेडला विद्यापीठात जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक. मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न झाल्यापासून ती शनिवारी बसनं येते आणि सोमवारी परत जाते. निवृत्त झाल्यावर मी नांदेडला जायला हवं होतं, पण पुस्तकं हलवायची कशी, हे कारण मी पुढं करत राहिलो. खरं म्हणजे नव्या गल्लीत नव्या माणसांशी बोलणं मला जड जातं.

तिच्या कामातलं मला समजतं ते थोडंच. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनए नावाच्या एका लांब धाग्यात असतो. पिळाची सुतळी सैल सोडली की ती स्वतःभोवतीच फिरून गाठी घेते, तसा हा धागाही घेतो. त्यातल्या एका गाठीवाचून विषाणूला आपली नक्कल काढता येत नाही. त्या गाठीच्या पोकळीत जाऊन बसेल आणि तिला निकामी करेल असा एक रेणू रेणुका आणि तिची विद्यार्थिनी पुनम शोधत होत्या. मध्ये कोरोनाचा काळ घशातले नमुने तपासण्यात गेला. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी गेल्या उन्हाळ्यात रेणू सापडला. तो गाठीत बसला की नळीतलं द्रावण जास्त उजळतं, आणि ते उजळलं.

पण त्या दिवशी सकाळी हैदराबादहून मेल आला होता. तिथल्या एका मोठ्या संस्थेत रेणुकाचा जुना विद्यार्थी सुदर्शन शास्त्रज्ञ आहे. पडताळणीसाठी नमुने त्याच्याकडे पाठवले होते. त्यानं लिहिलं होतं, की रेणू गाठीत बसत नाही, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शोधनिबंधातून हा भाग काढून टाकलेला बरा. तो भाग काढला तर पुनमच्या प्रबंधात काही उरत नव्हतं. तिची फेलोशिप संपली होती. लातूरच्या एका नीट परीक्षेच्या क्लासवाल्यांनी तिला नोकरी देऊ केली होती आणि ते उत्तराची वाट पाहत होते. जूनअखेर रेणुका निवृत्त होणार होती.

"काढून टाक तो भाग," तापात मी म्हणालो. "सुदर्शनकडे चांगली यंत्रं आहेत. आपलंच चुकलं असेल."

"तुमचं नेहमी आपलंच चुकलेलं असतं." तिनं थर्मामीटर तसंच हातात ठेवून पुनमला फोन लावला. माझ्या उशाशी बसूनच ती बोलत होती, स्पीकर लावून. "पुनम, गेल्या मेमध्ये आपल्याला पहिल्यांदा उजेड दिसला, तेव्हा खोलीत किती गरम होतं गं?"

"लई मॅडम. एसी बंदच होता की. हातमोज्यात घाम साचून राहिला होता. चाळीस तरी असंल."

"आणि डिसेंबरात?"

"डिसेंबरात कुठं जमलं मॅडम? ते माझ्या हातानं बिघडलं म्हणून सोडून दिलं ना आपण."

"कुणी म्हटलं बिघडलं?"

"मीच म्हणले."

"हे बघा, आपलंच चुकलं म्हणणारं अजून एक माणूस," रेणुका माझ्याकडे पाहत म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "सुदर्शनची खोली कायम पंचवीसवर. एकशे तीन म्हणजे सेल्सिअसमध्ये साडेएकोणचाळीस. गारव्यात गाठीचं तोंड मिटलेलं असेल आणि तापात उघडत असेल तर?"

"पण तसं नसलं तर?" मी म्हणालो.

"नसलं तर नसलं. पण विषाणू आत्ता तुमच्या अंगात आहे, हैदराबादच्या एसीत नाही."

सुदर्शनला हे तिनं तेव्हाच फोनवर सांगितलं. तो मोठ्यानं हसला. "मॅडम, आरएनए मोजताय का नांदेडचा उन्हाळा? गरमीत यंत्रं काहीही आकडे दाखवतात, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

"शिकवलंय. म्हणून तू चाळीसला करून बघ."

"आमचं यंत्र पावसाळ्यापर्यंत बुक आहे. आधी तुमच्याकडंच दाखवा. एकदा थंड, एकदा गरम. आणि कोणत्या नळीत काय आहे ते मोजणाऱ्याला माहीत नको. तसं जमलं तर मी माझं यंत्र कुणाचंही काम बाजूला सारून तापवतो."

"ठरलं," रेणुका म्हणाली.

माझा ताप उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. शर्टाची बटणं लावायला मला निम्मी सकाळ लागायची. त्या अवस्थेत रेणुकानं मला नांदेडला नेलं. तिला असा माणूस हवा होता जो नळ्यांची अदलाबदल करील, खुणा लावील आणि मोजणीत पडणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही, हीच माझी पात्रता होती.

"हातमोजे घाला. उघडा हात लावायचा नाही," ती म्हणाली. "घामाच्या एका थेंबानं धागा तुटतो."

सगळ्या नळ्यांत तो रेणू होता. निम्म्यांत खरा धागा होता, निम्म्यांत गाठ मुद्दाम मोडलेला धागा. उजळल्या तर खऱ्या धाग्याच्याच उजळायला हव्या होत्या. मी एकटा आत बसून त्यांच्यावर क, ख, ग अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, नळ्या मिसळल्या आणि कोणती कुठली ते कागदावर लिहून कागद खिशात ठेवला. आयुष्यभर पुस्तकांवर चिठ्ठ्या लावल्या, पण एकही कधी इतकी जपून लावली नव्हती. लावलेलं तीनदा तपासलं, तरी खात्री वाटेना.

थंड मोजणीसाठी विभागात एसी चालणारी खोली एकच होती, संगणकाची. पुनमनं आणि रेणुकानं मोजायचं यंत्र ट्रॉलीवर घालून जिन्यानं धरत धरत खाली आणलं. तिथं बसणारे लिपिक भीमाशंकर दार अडवून उभे राहिले.

"काय करून राहिलात मॅडम? आता मशीनलाबी गर्मी सोसंना का?"

"मशीनला सोसतंय. तुम्ही जरा सरका."

"सरकतो की. पण एसी वाढवू नका म्हणाल तर न्हाई जमायचं."

"पंचवीसवर ठेवा आणि हात लावू नका."

थंड खोलीत एकही नळी उजळली नाही. सगळे आकडे सारखेच. पुनम ते वाचत गेली आणि तिचा आवाज उतरत गेला. "हेच सुदर्शन सरांना दिसलं," ती म्हणाली.

"तेच दिसायला हवं होतं. चल वर."

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखालच्या त्यांच्या प्रयोगशाळेत. तिथला एसी गेल्या वर्षीपासून बंद होता आणि अर्ज फिरत होता. मेची दुपार. रेणुकानं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. भिंतीवरचा पारा एकोणचाळीसवर गेला आणि थोड्या वेळानं चाळीसला टेकला. नळ्या तिथं मुरू दिल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो, तो कागद घामानं भिजू नये म्हणून खिसा अंगापासून दूर धरून.

पुनमचा फोन वाजला. टेबलावर नाव दिसत होतं, त्याच क्लासवाल्याचं.

"घे," रेणुका म्हणाली. "त्यांना आज उत्तर हवंय. मी रागावणार नाही."

पुनमनं घामानं चिकटलेल्या हातमोज्यांकडे पाहिलं. "हात खराब होतील मॅडम," ती म्हणाली आणि पहिली नळी यंत्रात ठेवली. फोन वाजून थांबला.

"क. वाढला मॅडम."

"पुढं."

"ख, न्हाई. ग, न्हाई. घ वाढला. लई वाढला."

शेवटची नळी झाली तेव्हा रेणुकानं माझ्यापुढं हात केला. मी कागद दिला. तिनं एकेक खूण जुळवायला सुरुवात केली आणि मी डोळे मिटून घेतले.

"सगळं जुळतंय," ती म्हणाली. "ट सोडून. ट मध्ये खरा धागा आहे, पण तो उजळला नाही."

"माझंच चुकलं," मी लगेच म्हणालो. "बोटं वळत नाहीत माझी. चिठ्ठी बदलली असेल."

"हाव मॅडम," पुनमचा चेहरा खुलला. "सरांच्याच हातानं झालं असंल. ट सोडून देऊ."

"तुम्ही पाहिलं का चिठ्ठी बदललेली?" रेणुकानं मला विचारलं.

"पाहिलं नाही. पण असेल."

"लातूरला पाणी येत नाही, तीही यांचीच चूक असते. पुनम, ट जसा आला तसा लिही. नळी गोठवून ठेव. उद्या नव्या नळ्या, पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिठ्ठ्या लावल्या, तिसऱ्या दिवशीही. यंत्र खाली गेलं, वर आलं. भीमाशंकर तिसऱ्या दिवशी स्वतः ट्रॉलीला हात लावून म्हणाले, "दगडाच्या देवाची पालखीबी इतकी फिरत न्हाई मॅडम." दोन्ही दिवशी सगळ्या नळ्या जुळल्या. थंडीत अंधार, गरमीत उजेड. रेणुकानं तिन्ही दिवसांचे आकडे सुदर्शनला पाठवले, ट सकट.

त्याचा फोन आला. "मॅडम, तो ट कशाला दाखवायचा? दोन दिवस स्वच्छ आलेत की."

"दाखवायचा. तो झालाय."

आठवड्याभरानं त्याच्या यंत्रातला आलेख आला. पंचवीसला रेघ सपाट. सदतीसला जराशी उचललेली. साडेएकोणचाळीसला सरळ वर गेलेली. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, बसतोय.'

पुनम रडली. रेणुकानं तिला पाणी दिलं आणि ती ग्लास ठेवेपर्यंत थांबून म्हणाली, "गाठीत बसतो एवढंच कळलंय. विषाणू थांबतो का, ते जिवंत पेशींवर बघायचं राहिलंय. तिथं फसू शकतं. सुदर्शन पेशी तापाच्या अंशावर ठेवायला तयार आहे. किती महिने राहशील हैदराबादला?"

"लागतील तितके."

"आणि क्लास?"

"कालच त्यांना नको म्हणले मॅडम."

जूनमध्ये पुनम निघाली. आम्ही दोघं नांदेड स्टेशनवर पोचवायला गेलो. आईस्क्रीमवाल्याकडून आणलेल्या बर्फात नळ्या ठेवलेली थर्माकोलची पेटी तिनं मांडीवर घेतली होती. मी खिडकीशी उभा राहून काय बोलावं ते ठरवत होतो, तेवढ्यात गाडी हलली. रेणुका खिडकीबरोबर चालू लागली.

"आणि पुनम, तो ट..."

"पेटीत हाय मॅडम. गेल्या गेल्या आधी तोच करते. धागा तुटला होता का, ते बघते."

"आणि तुटला नसला तर?"

"तर काय मॅडम," पुनम ओरडून म्हणाली, गाडीनं वेग घेतला होता, "पुन्हा पहिल्यापासून!"