तीन झुडपांची कटिंग

सासऱ्यांनी सलून बंद केलं ते गुडघ्यांमुळे. हात अजून स्थिर होते, पण दिवसभर उभं राहणं जमेना. खुर्च्या आणि आरसे दुसऱ्या कारागिराला देऊन टाकले, कात्र्या तेवढ्या घरी आणल्या. घरात त्यांच्या कामाचं डोकं एकही नव्हतं. माझ्या नवऱ्याला टक्कल, सासूबाई कोणाला केसांना हात लावू देत नाहीत आणि माझी वेणी. उरली अंगणातली ब्लूबेरीची तीन झुडपं.

दर हिवाळ्यात पानं गळाली की बाबा झुडपाखाली जुनी चादर पसरत आणि शेंडे सारखे करत. समोरून, बाजूने, मग मागे सरकून मान तिरकी करून पुन्हा समोरून. झुडपं अगदी गोल, नीटस दिसत. उन्हाळ्यात त्यांना भरपूर पानं येत. फळं मात्र जेमतेम मूठभर, तीही खाली, आत कुठेतरी.

सासूबाईंनी ती लावली होती फळांसाठी. या झुडपाला आंबट माती लागते म्हणून त्या पाइनची वाळकी पानं गोळा करून बुंध्याशी पसरत. पाखरांसाठी जाळी लावून झाली, खत बदलून झालं. शेवटी एके दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "थंडी संपली की ही झुडपं काढू. तिथे टोमॅटो लावते. निदान पानात पडतील."

ताटं उचलताना बाबांनी मला हळूच विचारलं, "खरंच काढेल का गं ती?"

"आई बोलतात ते करतात, बाबा."

"हो ना. माझ्याशी लग्न करीन म्हणाली होती, केलंच."

हसले, पण नंतर बराच वेळ खिडकीशी उभे होते. सलून गेल्यापासून सकाळी उठून बूट घालावेत असं त्यांना दुसरं काही कारण राहिलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर अंगणात गेले. काढायचीच असतील तर नीट कापून निघू देत, असं म्हणत त्यांनी पहिलं झुडूप पूर्ण केलं. मी चादर झटकायला उचलली आणि हातात आलेली एक काडी सहज पाहिली. टोकाशी तीन-चार डोळे होते, म्हणजे पुढे उमलायचे कोंब, फुगीर, गोलसर. त्याच काडीवर खालचे डोळे बारीक आणि टोकदार, काडीला चिकटलेले. मी फुगीर डोळा नखाने उभा चिरला. आत खवल्यांखाली हिरवट मण्यांचा दाटीवाटीने बसलेला घोस होता. बारीक डोळ्यात नुसती पानाची घडी. चादरीवरच्या जवळजवळ प्रत्येक काडीचं टोक फुगीर होतं.

बाबा दुसऱ्या झुडपाकडे वळले होते.

"बाबा, जरा थांबा."

"का? एका बाजूला जास्त झालं?"

मी दोन्ही डोळे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी चष्मा वर करून, हात नाकाजवळ नेऊन पाहिलं.

"हा पानाचा," मी म्हटलं. "आणि हा फुलाचा. याचीच पुढे फळं होतात. हे शेंड्यालाच असतात."

मग त्यांनी चादरीकडे बघितलं.

"म्हणजे दरवर्षी मी फळं कापतोय."

आई पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आणि मी पाखरांना शिव्या घालत होते," त्या म्हणाल्या.

"उरलेली दोन कापत नाही," बाबा म्हणाले. "एक उन्हाळा थांब. नाही आली फळं, तर मी स्वतः खणून देतो."

"कापल्याशिवाय राहवेल तुम्हाला?"

"बघू."

राहवत नव्हतं. दोन्ही झुडपांच्या काड्या वाटेल तशा वाढल्या होत्या. एक तर थेट फाटकावर आली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीत अडकायची. बाबांचं जुनं गिऱ्हाईक, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, पाव द्यायला आला की म्हणायचा, "काय उस्ताद, दिव्याखाली अंधार?" बाबा म्हणायचे, "गिऱ्हाईक केस वाढवतंय. आपण काय करणार?"

एकदा स्वयंपाकघरातून मला ते झुडपापुढे कात्री घेऊन उभे दिसले. मी ओट्याशी थांबले. त्यांनी कात्री शेंड्यांजवळ नेली आणि काड्यांना न शिवता वरच्या वर चालवली, कच् कच् कच्, सलूनमध्ये कापता कापता विचार करताना चालवायचे तशी. सबंध झुडपाभोवती अशी फेरी झाली. मग कात्री मिटून खिशात घातली आणि आत येऊन त्यांनी चहा मागितला.

ऊन वाढलं तसे फुगीर डोळे उकलले आणि घंटेसारखी पांढरी फुलं लटकली. न कापलेली दोन्ही झुडपं फुलांनी वाकली. कापलेलं पहिलं नेहमीसारखं हिरवंगार, नीटस. फळं निळी दिसताच आईंनी एक तोंडात टाकलं आणि चेहरा वाकडा केला. देठाजवळची लाली जाईपर्यंत थांबा, असं मी सांगितलं. थांबल्या. नंतर वाट्याच्या वाट्या भरून निघू लागल्या. टोमॅटो त्यांनी बादल्यांत लावले.

बाबांनी फळं खाल्ली. पण आता कात्रीला कामच नाही, असं एकदा म्हणाले. तेव्हा मी ब्लूबेरीच्या छाटणीबद्दल वाचायला बसले. हिवाळा आला तसं त्यांना अंगणात नेलं आणि बुंध्याशी बसवलं.

"शेंड्यांना हात लावायचा नाही," मी म्हटलं. "पण ही बघा, करड्या सालीची, जाडजूड फांदी. हिच्यावर आता बारीकच फळ येतं. अशा एक-दोन दरवर्षी थेट जमिनीलगत काढायच्या, म्हणजे नवीन फुटतात."

त्यांनी फांदीवरून अंगठा फिरवला. "म्हणजे कटिंग नाही. पांढरे केस वेचायचे."

"तसंच समजा."

"कोणते काढायचे ते कोण ठरवणार?"

"तुम्ही."

ते गुडघा चोळत उठले, झुडपाभोवती सावकाश फिरले, खाली वाकून फांद्या बोटांनी विलग करून पाहिल्या. मग छोटी करवत मागितली. करडी फांदी निघाली तशी झुडपाच्या पोटात ऊन शिरलं. ते मागे सरकले, मान तिरकी केली.

आई दारातून बघत होत्या. "मागून जरा जास्त झालंय."

"मागून लवकर वाढतं," बाबा म्हणाले आणि पुन्हा वाकले.