लेकीकडचं बी

"सरांपुढे 'मला वाटतं' असं कधी म्हणायचं नाही," निकिता चहाचा कप खिडकीत ठेवत म्हणाली. "'संदर्भांवरून दिसतं' म्हणायचं. तुला वाटून काय होणारे? तू कोण?"

"मी ललिता भोये," ललिता म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

नाशिकला गंगापूर रोडवरची ती खोली दोघींनी मिळून घेतली होती. ललिता पेठच्या डोंगरातली. पीएचडीला नाव घातलं तेव्हा कॉलेजात तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. निकिता नांदगावच्या कापडदुकानदाराची मुलगी, ललिताच्याच गाईड सरांकडे, दोन वर्षांनी पुढची. तिनं ललिताला हाताला धरून सगळं शिकवलं. सही हवी असेल तर सरांकडे जेवणानंतर जा. लिहिलेलं रोज दोन ठिकाणी साठव. ऑफिसातल्या बाईंशी हुज्जत घालू नकोस, फेलोशिपचा कागद त्यांच्याच टेबलावरून पुढे सरकतो. घर आठवलं तर लायब्ररीत रडू नकोस, गच्चीवर ये, मी आहे.

यातला एकही सल्ला खोटा नव्हता. पुढे ललिताला तेच जास्त खुपलं.

ललिताला काम करायचं होतं घरच्या काळ्या नागलीवर, नाचणीच्या एका जुन्या वाणावर. ही नागली आता त्यांच्या पाड्यावर एकाच घरात उरली होती, तिच्या अक्काबाई आत्याकडे. "गावात माहिती गोळा करायला एकटीनं जायचं नाही," निकिता म्हणाली. "फोटो कोण काढणार? मी येते." तिचा स्वतःचा विषय द्राक्षाच्या वेलीवरच्या बुरशीचा. ती बुरशी प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हती, म्हणून निकिताला वेळच वेळ होता.

दोघी पेठच्या एसटीनं गेल्या. अक्काबाईनं निकिताला कोंबडी खाऊ घातली, शेजारी झोपवलं, आणि निघायच्या दिवशी टोपलीचं शेणानं लिंपलेलं तोंड फोडून राखेतलं बी बाहेर काढलं.

"हात काय पुढं करते गं? बी हातात नाय देत. पदरात घे."

निकिता जीन्समध्ये. "आत्या, माझ्याकडे पदर कुठला?"

"ललिते, तुझी ओढणी दे तिला. शिकून शिकून पदरच टाकला पोरींनी!"

ललितानं आपली पिवळी ओढणी निकिताच्या खांद्यावर टाकली. अक्काबाईनं दोन्ही ओंजळी भरून त्यात बी ओतलं. या घराची रीत होती ती. सासरी निघालेल्या लेकीला पदरात बी द्यायचं. कधी आपलं बी गेलं, तर लेकीच्या घरून मूठभर माघारी आणायचं. अक्काबाईला पोटची लेक नव्हती.

"आता तू लेक झालीस," ती निकिताला म्हणाली. "जपून ठेव."

"आणि मला?" ललितानं विचारलं.

"तू घरातलीच. तुला कवाबी मिळंल."

परतताना एसटीत निकितानं ते गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

हिवाळ्यात विभागाचा सेमिनार जाहीर झाला. ललितानं नाव दिलं होतं. निकितानं तिला गच्चीवर नेलं. "यंदा घाई करू नकोस. अर्धवट मांडलं की लोक फाडून खातात. प्रकरण पक्कं होऊ दे, मग मांड." ललितानं नाव मागे घेतलं, आणि एवढी काळजी करणारं माणूस मिळालं म्हणून त्या रात्री तिला बरं वाटलं.

सेमिनारला ती मागच्या रांगेत बसली होती. निकिता उभी राहिली. बुरशीचा विषय निघेल म्हणून ललितानं पेन काढलं. पडद्यावर पहिलं चित्र आलं: काळी नागली, आणि तिच्याखाली पिवळी ओढणी. काठाला ललितानं स्वतः घातलेला हिरवा टाकासुद्धा दिसत होता.

पुढे सगळं ललिताचंच होतं. राखेचं कारण, लिंपायची पद्धत, अक्काबाईचं बोलणं. टाळ्या पडल्या. "काही प्रश्न?" सरांनी विचारलं.

ललिता उठली. प्रश्नोत्तरात भांडायचं नसतं, हेही निकितानंच शिकवलं होतं.

"हे बी तुम्हाला कुणी दिलं?"

आजवर दोघी एकमेकींना 'तू' म्हणत आल्या होत्या. निकितानं पाण्याचा घोट घेतला.

"एका स्थानिक महिलेनं."

"तिला नाव आहे."

"वेळ संपलीय," सर म्हणाले.

नंतर त्यांनी ललिताला केबिनमध्ये बोलावलं. ललिताचा विषय अजून समितीपुढे जायचा होता. निकितानं मात्र आपला विषय बदलून घेतला होता, सरांच्याच सहीनं. जेवणानंतर गेली असणार. "दोघींना एकच विषय देता येत नाही," सर म्हणाले. "तू हुशार आहेस, दुसरं काहीतरी बघ."

खोलीवर निकिता बॅग भरत होती. "माझी मुदत संपत आली होती गं. तुला अजून वेळ आहे." चेन ओढताना तिचे डोळे भरले होते. ललिताला ते रडणं खरं वाटलं, आणि म्हणूनच तिथे उभं राहवेना. ती गच्चीवर गेली. तिथे आता कुणी येणार नव्हतं.

मे महिन्यात ती गावी गेली तेव्हा अक्काबाई ओट्यावर टोपली उपडी करून बसली होती. अवकाळीनं छप्पर गळलं होतं. बी काळंनिळं पडून त्याचे गठ्ठे झाले होते.

"बरं झालं आलीस," अक्काबाई म्हणाली. तिच्या आवाजात जराही घोर नव्हता. "तुझ्या मैतरणीकडं जा. मूठभर माघारी आण. तेवढ्यासाठीच देतात लेकीला. आणि तिला सांग, आत्यानं आठवण काढली."

आत्याला सेमिनारचं न सांगता ललिता माघारी नाशिकला आली. एवढ्या महिन्यांत ती निकिताच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. आता प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"बी हवंय. मूठभर."

निकिताचा चेहरा उतरला. "अगं... ते दळलं. लोह तपासायला पीठच लागतं ना."

"सगळं?"

"नमुना पुरायला हवा होता." मग घाईनं, "कृषी केंद्रातून सुधारित बी आणून देऊ का? चांगलं असतं ते."

ललिता वळली. खुर्चीच्या पाठीवर पिवळी ओढणी टाकलेली होती, मशीन पुसायला. तिनं ती उचलली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

गावी पोचली तेव्हा अक्काबाई शेतात राब भाजून आली होती. रोपांची जागा तयार होती. तिनं आधी ललिताच्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"दळलं तिनं, आत्या."

अक्काबाई खाली बसली. तिनं पायावरची राख झाडली.

"भाकर तरी केली का?"

"नाय."

अक्काबाईनं मान हलवली. उठून परातीत शेण कालवलं, टोपली पुसली आणि झाकण लावून तिचं तोंड लिंपायला घेतलं. भरल्या टोपलीचं लिंपायची, तसंच, बोटानं कडा दाबत. मग दोन्ही हातांनी उचलली, जड असल्यासारखी, आणि फळीवर तिच्या नेहमीच्या जागी ठेवून दिली.