मावशीची भीती मी वाहिली

मी एक जुनी निळी बर्फपेटी आहे. माझे झाकण एका बाजूने निखळले आहे आणि कडी गंजली आहे. एका लहानशा घराच्या मागच्या व्हरांड्यात मी पडून असते. पाहुणे आले की म्हणतात, "ही अजून ठेवलीय कशाला?" घरातले कोणीच त्यांना उत्तर देत नाही. म्हणून मित्रांनो, ते मी तुम्हाला सांगते.

प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये गरम फेस ओतला, तो फुगून घट्ट झाला आणि मी तयार झाले. बाहेरचे ऊन आत येऊ द्यायचे नाही, एवढेच शिकून मी दुकानात आले. तिथून मला दादाने घेतले. दादा उघडी जीप चालवायचा. गावाबाहेरच्या टेकड्यांमध्ये एक पाणवठा होता. उन्हाळ्यात आजूबाजूचे सगळे झरे आटले, तरी तिथे पाणी असायचे. हरणे तिथे येत आणि दादा ती पाहायला माणसे नेत असे. माझ्या पोटात थंड पाण्याच्या बाटल्या असत. मुले माझ्यावर बसून खिदळत. ते दिवस मजेचे होते.

मग दादाची धाकटी बहीण शिक्षण संपवून घरी आली. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. रानातल्या जनावरांना किती ताण येतो, हे ती त्यांच्या विष्ठेवरून मोजायची. जनावर घाबरले की त्याच्या रक्तात एक रस उतरतो. आज वाटलेली भीती एखाद्या दिवसाने त्याच्या लेंड्यांमध्ये सापडते. जनावराला पकडायला नको, सुई टोचायला नको. फक्त लेंड्या ताज्या हव्यात आणि घरी येईपर्यंत थंड राहायला हव्यात.

"दादा, तुझी बर्फपेटी दे ना," धाकटी म्हणाली.

"ने की. काय ठेवणार आहेस?"

धाकटीने सांगितले. वहिनी कणीक मळत होती, तिचे हात थांबले. "घेऊन जा बाई," ती म्हणाली. "पण ही पेटी पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात दिसली, तर या घरात मी तरी राहीन नाहीतर ती तरी राहील!"

दादा पोट धरून हसला. अशी मी पाणीवालीची लेंडीवाली झाले. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. मुले आता माझ्यावर बसेनात. पण धाकटी मला फार जपायची. रोज पुसायची, आतला बर्फ स्वतः भरायची.

हरणांच्या कळपात एक म्हातारी मादी होती. तिचा एक कान फाटलेला होता. दादा तिला मावशी म्हणायचा. ती सगळ्यांत पुढे, जीपपासून अगदी जवळ उभी राहायची. माणसे फोटो काढत, हात हलवत, पण ती हलायची नाही. दादा अभिमानाने सांगायचा, "आमची मावशी कुणाला भीत नाही. पाहुणे आले की दारात उभी!"

माणसे परतली की धाकटी झुडपाआडून बाहेर यायची. दुर्बिणीतून पाहून ठेवलेल्या जागेवरून मावशीच्या आणि इतर हरणांच्या लेंड्या उचलून वेगवेगळ्या कुप्यांत भरायची आणि कुप्या माझ्या स्वाधीन करायची.

घरामागच्या खोलीत तिचे काम चाले. मी टेबलाखाली बसून सगळे पाहत असे. ती लेंड्या वाळवायची, कुटायची, चाळायची. मग ती पूड स्पिरिटमध्ये घोळवून तिचा अर्क काढायची आणि त्याचे थेंब एका तबकडीच्या इवल्याशा खळग्यांत टाकायची. शेवटी त्यांत पिवळा रंग चढायचा. रंग जितका फिका, तितकी भीती जास्त.

मावशीचा खळगा नेहमी फिका असायचा.

धाकटीने पुन्हा पुन्हा करून पाहिले. मग एके दिवशी दादा जेवत असताना ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"दादा, मावशी घाबरते. सगळ्यांपेक्षा जास्त."

दादाचा घास हातातच राहिला. "काहीतरीच काय! घाबरलेलं जनावर पळून जातं."

"पळायला जागा असली तर. दुसरीकडे पाणी कुठंय? तहान लागली की तिला तिथंच यावं लागतं."

"मी रोज बघतो तिला. तू काल आलीस."

"तुला ती उभी दिसते, दादा. आत काय चाललंय ते दिसत नाही."

दादा ताटावरून उठला. वहिनीने त्याचे अर्धे ताट झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दादाच तिच्या खोलीच्या दारात आला. "काही दिवस गाडी बंद ठेवतो, बाकीच्या गाडीवाल्यांनाही थांबायला सांगतो," तो म्हणाला. "मग मोज. तुझंच चुकलंय हे तुला कळेल."

त्या दिवसांत धाकटी आणि मी पायीच जायचो. पाणवठ्यावर फक्त पक्ष्यांचा आवाज असायचा. नंतर तबकडीत रंग चढला, तेव्हा कळपातल्या बाकी हरणांचे खळगे गडद पिवळे झाले होते. मावशीचा मात्र फिकाच राहिला. माणसे नव्हती, गाडी नव्हती, तरी तिची भीती उतरली नव्हती. त्या वर्षी तिला पाडस झाले होते. त्याला घेऊन ती पाण्यापाशी यायची आणि मान वर करून वाटेकडे बघत राहायची.

दादाने तबकडी पाहिली. "बाकीची उतरली ना? मग हिचं कारण दुसरंच असेल," असे पुटपुटत तो निघून गेला. गाडी पुन्हा सुरू झाली. पण आता तो ती जरा लांब उभी करायचा आणि पाहुण्यांना हळू बोलायला सांगायचा. मावशी कुणाला भीत नाही, हे वाक्य त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाही.

उन्हाळा वाढला. गवत करपले. मावशीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

एके दुपारी दादाची गाडी आली, तेव्हा मी धाकटीजवळ झुडपाआड होते. मावशी नेहमीसारखी पुढे आली. उभी राहिली. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती खाली बसली.

"अय्या, किती निवांत बसलीय बघा!" गाडीतल्या एक बाई म्हणाल्या. फोटो निघू लागले.

दादाने एकदाच मावशीकडे पाहिले. "मोबाईल खाली ठेवा," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "कुणी काही बोलू नका. आपण निघतोय." त्याने गाडी मागे घेतली आणि तो सगळ्यांना घेऊन गेला.

तो परत आला तेव्हा एकटा होता, चालत आला होता. मावशी गेली होती. पाडस थोड्या अंतरावर उभे होते. धाकटी रडत रडत कुपी काढू लागली.

"आज राहू दे गं," दादा म्हणाला.

"नाही दादा. हे तिचं शेवटचं आहे. हे कुणीतरी ऐकायला हवं."

मग दादाने स्वतः माझे झाकण उघडून धरले.

ती तबकडी तयार झाली, तेव्हा दादा टेबलाशीच बसला होता. त्याने ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "यात तर रंगच नाही," तो म्हणाला.

"हो."

"माझ्यामुळं गेली ती?"

धाकटीने खोटे सांगितले नाही. "ती म्हातारी होती, दादा. चारा नव्हता. पाडसाला पाजत होती. भीती हा त्यातलाच एक भार होता."

"तेवढा एक तरी मी उतरवू शकलो असतो," दादा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनी दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दादाने पुन्हा कुणाला पाणवठ्यावर नेले नाही. इतर गाडीवाल्यांनाही तो हात जोडून सांगत फिरला. काहींनी ऐकले, काही त्याला हसले. आता तो जीपमधून बाजाराला भाजी पोचवतो. पाडस कळपाबरोबर दिसते असे धाकटी सांगते. दादा ते ऐकून घेतो, बघायला मात्र जात नाही.

धाकटीला पुढच्या कामासाठी नवी पेटी मिळाली. मला भंगारात काढायची वेळ आली, तेव्हा वहिनीच म्हणाली, "असू दे इथंच." तेव्हापासून मी इथे आहे. आत काही नाही.

मित्रांनो, जनावरे आपल्याशी बोलत नाहीत. ती स्थिर उभी राहिली की आपण त्यांना धीट म्हणतो, शांत म्हणतो, आणि आणखी जवळ जातो. मी पुष्कळ भीती वाहून आणली आहे, म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवते. रानात एखादे जनावर तुमच्याकडे पाहत पाण्याशी उभे असेल, तर मागे सरा. अजून थोडे मागे सरा. ते मान खाली घालून पाणी पिऊ लागेल, तेवढे मागे सरा.