घर हलवणारे शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. खरे सांगायचे तर अर्धेच. सुई-दोरा असलेले माझे वरचे डोके आता माझ्यावर नाही. लोखंडी पाय, पायडल आणि मोठे चाक एवढेच मी उरले आहे. डहाणूच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मी उभे आहे आणि या वयातही कामात आहे.

दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात लोखंड ओतून मला घडवले. डहाणूच्या मसोली भागातल्या एका दुकानातून भिका नावाच्या तरुण शिंप्याने मला एसटीच्या टपावर चढवून आपल्या गावी आणले. पुढे सगळे त्यांना भिकाकाका म्हणू लागले. सकाळचा चहा घेण्याआधी ते माझ्या सांध्यांत तेल सोडत. लग्नाचे कपडे, शाळेचे गणवेश, भाताची पोती, सगळे मी शिवले. ‘भिकाची शिलाई उसवत नाही,’ असे लोक म्हणत, तेव्हा मलाही बरे वाटे.

२०१४ साली माझे आतले भाग झिजले आणि काकांनी मोटरचे नवे मशीन घेतले. दसऱ्याला त्यांनी माझे डोके काढून धुतले, झेंडूची माळ घातली आणि घरातल्याच दुकानात, भिंतीवरच्या फळीवर मानाने ठेवले. ती फळी नेमकी त्यांच्या बसायच्या जागेच्या वर होती. डोके चांगले दहा-बारा किलोचे. बाकीचे मी ओसरीत राहिले. माझ्यावर कोंबड्या बसत. चार पावसाळ्यांत मला गंज चढला.

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडची जमीन हलू लागली. कधी भांडी वाजत, कधी कौले सरकत. लोक थंडीत बाहेर निजू लागले. पोरे शाळेत यायला घाबरत. अशात विज्ञान शिकवणाऱ्या प्रगतीबाई काकांकडे आल्या.

“काका, मुलांना भूकंप दाखवायचाय. तुमच्या मशीनचं पायडल मिळेल का?”

“रोज फुकट दाखवतोय की देव! अजून कशाला?” काका म्हणाले. पण सांगाडा त्यांनी दिला. “डोकं मात्र नाय देणार. त्याने माझं घर चालवलंय.”

शाळेत येऊन काकांनीच मला जोडले. माझ्या चाकाला एक दांडा लावला, दांड्याचे दुसरे टोक लाकडी पाटाला अडकवले आणि पाटाखाली सायकलचे छर्रे घातले. पायडल मारले की पाट मागे-पुढे सरके. हळू मारले तर हलका धक्का, जोरात मारले तर मोठा.

महिनाभरात मुलांनी भातखाचरातल्या मातीच्या बोटभर विटा करून दोन घरे बांधली. एका घरात दारांच्या वरच्या बाजूने, चारही भिंतींमधून फिरणारी बांबूची पट्टी गुंफली. दुसऱ्यात काही नाही. मनिष नावाच्या मुलाने पायडल मारले. पट्टी नसलेल्या घराचे कोपरे उकलले आणि भिंती कोसळल्या. दुसऱ्याला तडे गेले, पण ते उभे राहिले.

“असं कसं? माती तर एकच हाय!” मनिष म्हणाला.

“बिगर नाड्याची चड्डी घालून पळून दाखव, मग कळेल,” मला तेल घालायला आलेले भिकाकाका म्हणाले. “भिंतींनाही नाडा लागतो बाबा. म्हणजे चारी जणी एकमेकींना धरून राहतात.”

वर्ग हसला. बाईही हसल्या. “इंजिनिअर त्याला पट्टा म्हणतात. पण काकांचं जास्त लक्षात राहील.”

काकांची नात हिरी त्याच वर्गात होती. तिने विचारले, “बाई, बाकाखाली शिरा म्हणता. आमच्या घरी बाकही नाय न् टेबलही नाय. मग काय करायचं?”

बाई म्हणाल्या, “मग भिंतीपासून लांब खाली बसायचं, हातांनी डोकं आणि मान झाकायची. पण त्याआधीचं काम आजच करायचं. घरात झोपायच्या, बसायच्या जागेवर काय जड ठेवलंय ते लिहून आणा.”

मित्रांनो, शाळेत राहून मी उतारवयात अक्षरे शिकले. फळ्याकडे बघत बघत, एकेक करून. दुसऱ्या दिवशी हिरीने आपला कागद माझ्या पाटावर ठेवला आणि मी पहिल्यांदा पूर्ण वाक्य वाचले: ‘आजाच्या डोक्यावर मशीनचे डोके आहे.’ वाचता आल्याचा आनंद मला झाला नाही.

शनिवारी काका पुन्हा मला तेल घालायला आले, तेव्हा हिरी म्हणाली, “आजा, ते खाली ठेव ना.”

“देवाला कुणी जमिनीवर ठेवतं काय? तुझ्या बाईंना सांग, आधी शाळेचे पंखे काढा.”

“पंखेही तपासून घेतोय काका,” बाई म्हणाल्या. “पण हिरी खरं बोलतेय.”

“बरं, होळी झाली की बघू.”

“होळीपर्यंत जमीन थांबेल का?” हिरीने विचारले.

“शाळेत जाऊन जीभ लांब झाली हिची!” काका हसले आणि सायकलवर बसून गेले. मला ओरडावेसे वाटले. पण मला कंठ नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कुणीही पायडल मारले नव्हते, तरी माझा पाट सरकला. त्यावरची, रोजच्या धक्क्यांनी तडकलेली दोन्ही घरे पडली. मुले बाकांखाली गेली. हलणे थांबल्यावर दप्तरे डोक्यावर धरून, कुणाला न ढकलता मैदानात आली. एकालाही खरचटले नाही.

तेवढ्यात काकांच्या दुकानासमोर सायकली दुरुस्त करणारा बाळ्या धावत आला. त्याने सगळे पाहिले होते. काका शर्टाला काज करत बसले होते. पहिल्या धक्क्याला ते उठून दारापर्यंत पोचलेही होते. मग त्यांनी वळून पाहिले. फळीवरून माझे डोके घसरत होते. ते पडू नये म्हणून काका मागे गेले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

काका वाचले. पण डोके हातांवर आदळले आणि उजव्या हाताची तीन बोटे पुन्हा कधी वळली नाहीत.

हिरी बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा पायडलला तिने पाय लावला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि भिकाकाका स्वतः वर्गात आले. त्यांनी तो हात पोरांना दाखवला.

“या पोरीने मला तीनदा सांगितलं, इथं न् घरीही. मी हसण्यावारी नेलं. लोखंडाला काय होणार होतं? मी मात्र मागे फिरलो.” मग ते नातीकडे वळले. “तू मान खाली घालू नको, बाय. सांगायचं काम तू केलंस. ऐकायचं काम माझं होतं.”

“आता दुखतं का?” मनिषने विचारले.

“शिवायला बसावंसं वाटतं ना, तेव्हा दुखतं.”

त्या दिवसापासून दर शनिवारी काका माझे पायडल मारतात. हिरी शेजारी उभी राहून नव्या मुलांना पट्टा समजावते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर वर बघा. ज्याच्याखाली आपले माणूस बसते किंवा निजते, असे जे काही जड असेल ते मोठ्यांकडून खाली उतरवून घ्या. ते कितीही लाडके असले, मानाचे असले, तरी उतरवा. जमिनीवर ठेवल्याने कुणाचा मान जात नाही. आणि घरातले मोठे हसले, तर गप्प बसू नका. तीनदा सांगून झाले असेल, तर चौथ्यांदा सांगा.