फेकायचं पाणी

छपाईच्या कागदाच्या कडेची ती भोकांची पट्टी चंद्रकला बोटाभोवती गुंडाळत होती. भोकावर भोक नेमकं बसवत, म्हणजे आरपार पाहिलं तर एकच भोक दिसावं... आणि तसं ते दिसत नव्हतं. प्रत्येक वेढ्याला परीघ किंचित वाढतो, त्यामुळे भोकं जुळणारच नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरी ती पट्टी सोडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. खोलीत गारठा होता. यंत्राला गारवा लागतो म्हणून जिल्हा कचेरीतल्या या एकाच खोलीत बारा महिने थंडी ठेवलेली, आणि चपला देवळासारख्या दाराबाहेर काढायच्या. अनवाणी पाय गार पडले म्हणून तिनं ते एकमेकांत अडकवले, आणि लगेच सोडवले. चालताना घरी कामाला असलेल्या रुखमाचे पाय असेच एकमेकांत येतात. गेल्या पावसाळ्यापासूनच.

"मॅडम, दिल्ली लागली," यंत्रापुढे बसलेला घनश्याम म्हणाला. "सांगा पटपट. लाइन गेली तं मंग बसा भजन करत."

गच्चीवर पांढरी थाळी बसवली होती, तिच्यातून शब्द दिल्लीला जायचे. तिथल्या कुठल्याशा इमारतीत वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचे आणि न्यायालयांच्या निकालांचे सारांश यंत्रात भरून ठेवले होते. इथून शब्द टाकायचा आणि तिथून उत्तराची वाट पाहायची. एकोणनव्वद साल नुकतंच लागलं होतं, आणि भंडाऱ्यात बसून दिल्लीतली बातमी अशी शोधता येते हे नागपूरच्या तिच्या मार्गदर्शक सरांनाही आधी खरं वाटलं नव्हतं. त्यांनीच पत्र देऊन तिच्यासाठी आजची सकाळ मिळवली होती.

तिनं पहिला शब्द सांगितला. लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, तिच्या शास्त्रीय नावानं. सोबत 'आणि' जोडून 'पक्षाघात'.

"लाखोरी?" घनश्याम हसला. "आमची बुढी लाखोरीचे वडे करते तं अख्खी आळी ताटं घेऊन येते. त्याच्यावर पीएचडी होते?"

"पाय जातात तिनं. लुळे पडतात."

"कोनाचे? आमचे तं शाबूत आहेत बाप्पा."

"वड्यांनी नाही जात. रोज खाल्ली तर. महिनोन् महिने, दुसरं काही नसताना."

"रोज कोन खाते, मॅडम?"

तो पडद्याकडे पाहत होता, त्यानं सहज विचारलं होतं. तिनं पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली.

रोज कोण खातं. धान उभं असतानाच ओल्या बांधीत, भातखाचरात, लाखोरीचे दाणे फेकतात, धान कापल्यावर त्या ओलीवरच ती येते, नांगर नको, पाणी नको, आणि आत्ता तिच्या गावी, सिहोऱ्याच्या शिवारात, घराच्या मागल्या दारापासून पार पाटापर्यंत तिची निळी फुलं असतील. ती विकायला बंदी आहे. पेरायला नाही. मग विकता येत नाही ती लाखोरी जाते कुठं?... लहानपणी हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता, कारण उत्तर रोज डोळ्यांपुढे होतं. बाबांच्या, मारोतरावांच्या, घरी सालदाराला सालाचं धान्य मोजून देत, थोडं धान आणि बरीचशी लाखोरी. आणि सालदार गोमाजी पोतं पाठीवर घेऊन जायचा, तेव्हा त्याचे पाय चांगले होते. आता तो दोन काठ्यांवर, पावलांच्या चवड्यांवर, काहीतरी गरम तुडवत असल्यासारखा चालतो. त्याची जागा रुखमानं घेतली. त्याच्या बायकोनं. पोतंही आता तीच नेते.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटू लागली. भेसळीचे खटले. बेसनात लाखोरी मिसळल्याबद्दल एका व्यापाऱ्याला दंड. नमुन्याची बाटली नीट मोहोरबंद नव्हती म्हणून दुसरा निर्दोष. सगळीकडे विकणारा आणि विकत घेणारा. तिनं 'आणि' जोडून जिल्ह्याचं नाव सांगितलं. यंत्र बराच वेळ गप्प राहिलं.

"काईच नाही," घनश्याम म्हणाला. "नोंद आढळली नाही म्हनते. आपला भंडारा साफ आहे, मॅडम."

आपला भंडारा साफ आहे. तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला किळस आली, दोन्ही एकदमच, इतकी एकदम की आधी काय आलं ते तिला ठरवता येईना. सरांचा नियम होता: ऐकीव नको, छापलेलं असेल तरच धरायचं. ज्या गावांची नोंद सापडेल तिथं उन्हाळ्यात डॉक्टरांची तुकडी जाणार होती. पाय तपासणार, गावाला बसवून समजावणार, घरोघर काय शिजतं ते पाहणार. बाकीची गावं वगळायची. हा नियम तिनं किती आनंदानं उचलला होता! काटेकोर आहे, म्हणून... नाही. काटेकोर आहे म्हणून नाही. छापील कागदात आमचं घर येणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. गोमाजीबद्दल कोण बातमी देईल? तो स्वतः म्हणतो, धान रोवण्याच्या चिखलानं पाय धरले.

आणि आज सकाळी...

आज सकाळी सिहोऱ्याच्या थांब्यावर रुखमा तिची पिशवी घेऊन आली होती. नको म्हटलं तरी आली. गुडघ्यात गुडघा घासत, मध्येच थांबून पाऊल उचलून ठेवत. गाडी यायची होती. रुखमा आपणहून म्हणाली, कौतुकाच्या आशेनं म्हणाली:

"तू सांगतलं तसंच करतो मी, चंदाबाई. रातभर भिजू घालतो. बुढ्याले निस्ता दाना शिजवून देतो."

"आणि पाणी?"

"पानी फेकाले जीव होत नाही वो. सारं सत त्यातच उतरते. मीठ टाकून मी पेतो." आणि हसून, पायांकडे पाहून, "औंदा पाय जड झाले ना रोवन्यात. म्हनलं, सत पोटात गेलं तं ताकद येईन."

गाडी वळणावर दिसत होती. वळणापासून थांब्यापर्यंत यायला तिला किती वेळ लागतो? एक वाक्य बोलण्याइतका नक्की लागतो. दोन बोलता येतील एवढा. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "येते, रुखमाबाई."

दिवाळीत तिनंच सांगितलं होतं भिजवायला. धान्याच्या कोठीपाशी. जे बाधतं ते पाण्यात उतरतं, रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं की दाण्यातलं बरंचसं जातं, हे तिनं स्वतः प्रयोगशाळेत पाहिलं होतं. आई, शकुनबाई, पलीकडे सुपानं धान्य पाखडत होती. तिचं सूप थांबलं होतं. आदल्याच रात्री तिनं बजावलं होतं, "त्यायचे बापदादे खात आले. तूच कायले भेव घालून राहिली? तुह्या बाबाचं नाव निघीन गावात." म्हणून चंद्रकलानं शब्द निवडला. विष म्हटलं असतं तर कुणी दिलं असा प्रश्न उठला असता. ती म्हणाली, "पाणी जड असतं. पचत नाही. फेकून देत जा." जड! ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत तोलणारी मी, आणि मला हा शब्द सापडला. जड म्हणजे रुखमाला काय समजलं असेल? दूध जड असतं. तूप जड असतं. जड ते ताकदीचं, आणि ते म्हाताऱ्याला सोसणार नाही तर आपण प्यावं... यात रुखमाची चूक कुठे आहे? चूक शोधायला लागलं की ती पुन्हा पुन्हा कोठीपाशीच येत होती.

"एक शब्द राहिला की," घनश्याम तिच्या कागदावर बोट ठेवत म्हणाला. "हा खोडलेला. टाकू का?"

मजुरी. तिनं तो काल रात्री लिहून खोडला होता, पण एकाच रेघेनं, वाचता येईल असा.

"टाका."

या वेळी उत्तर आलं. एकच. दूरच्या कुठल्याशा जिल्ह्यातला खटला. मजुरीपोटी दिलेली लाखोरी ही 'विक्री' ठरते काय, हा प्रश्न होता. मजुरांपैकी कितीजण काठीवर चालतात याचा उल्लेख होता. मग, इतर जिल्ह्यांतून अशी तक्रार आलेली नाही, हे न्यायालयानं लक्षात घेतल्याचं वाक्य. आणि तिथंच सारांश तुटला होता. संपूर्ण निकालासाठी पत्रव्यवहार करावा.

"म्हंजे ठरते का नाही ठरत?" घनश्याम वैतागला. "हे दिल्लीवाले ऐन टाइमाले तोंड शिवतात."

इतर जिल्ह्यांतून तक्रार आलेली नाही. हे वाक्य खरं होतं. तिच्या प्रबंधातही असंच एक खरं वाक्य येणार होतं – भंडारा जिल्ह्यात नोंद आढळली नाही – आणि परीक्षकांपैकी कुणालाही त्यात खोट काढता आली नसती. सिहोरा त्या वाक्यानं वगळलं जाईल. पण त्याला अजून उन्हाळ्यापर्यंत अवकाश होता. रुखमाला तेवढा नव्हता. आजही संध्याकाळी ती भिजू घालेल, आणि उद्या सकाळी पातेलं तिरपं करून...

"छापू का हे?"

"छापा. ते 'नोंद नाही'वालं पण छापा."

"त्यात तं काईच नाही, मॅडम. कागद कायले खराब करता?"

छपाईचं यंत्र करकरत कागद ओकू लागलं. घड्याळात दुपार व्हायला अजून वेळ होता. लाइन चालू होती, आणखी शब्द टाकता आले असते, ही सकाळ पुन्हा मिळणार नव्हती, आणि तिला जाणवलं की ती खुर्चीच्या कडेवर आली आहे.

"तुमसरवरून सिहोऱ्याला जाणारी गाडी आता कधी आहे?"

"आता? अजून तासभर दिल्ली आपली आहे, मॅडम! तुमचे सर मले शिव्या देतीन."

ती कागद न घेताच व्हरांड्यात आली. चपलेत पाय घालताना फरशीचं ऊन तळव्यांना लागलं. तिनं मनात वाक्य जुळवून पाहिलं. त्या पाण्यात एक द्रव्य उतरतं, जे मज्जातंतूंना... नाही. रुखमाबाई, ते पानी नोको पेऊ, त्यात जहर आहे. हे बरं. हे एका दमात होत होतं. मग आईचं सूप थांबेल, बाबा ओट्यावरून विचारतील, कोणाच्या घरचं जहर? त्या प्रश्नाची भीती तिला दिवाळीपासून वाटत आली होती, आणि आता नवल म्हणजे ती तितकीशी लागत नव्हती. दुसरंच काही लागत होतं. रुखमा काही विचारणार नाही. "असं काय वो," एवढं म्हणेल, आणि पातेलं उचलून पाणी अंगणात ओतून येईल. मला कधीपासून माहीत होतं, हे ती कधीच विचारणार नाही. तिनं विचारलं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं.

म्हणजे तेही आपणच सांगायचं. न विचारता. जहर म्हटल्यानंतर श्वास न घेता, लगेच. पायरी उतरता उतरता तिनं ते पुढचं वाक्य हळूच ओठांवर आणून पाहिलं, रुखमाच्या बोलीत – मले पयलेपासून मालूम होतं – आणि ते तोंडात इतकं ओळखीचं, इतकं घरचं लागलं की ती पायरीवरच थांबली.